दोघींत एक कबर

मला वाढवलं अकुलिनाकाकूनं. नात्यानं ती माझी कोणी लागत नव्हती. माझ्या आईची ती मैत्रीण, आणि मधले काही महिने तर तेही नाही. पण माझ्या लग्नात आईच्या जागी तीच उभी राहिली, माझी पहिली तीन मुलं तिच्याच हातांत जन्मली, आणि तिचे डोळे मिटवले ते मी. म्हणून तिची गोष्ट सांगायची तर मलाच सांगायला हवी.

आमचं गाव लुझ्की सुखोना नदीच्या काठावर आहे, तोत्मा शहराच्या थोडं खाली. तिथल्या मिठागरात खारं पाणी मोठाल्या कढयांत उकळून मीठ काढत. अकुलिनाकाकूचा नवरा सावा कढयांखाली जाळ घालायचा, आणि माझा बाप कोंद्रात मिठाची पोती बांधायचा. सावा इतका उंच की कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. माझा बाप बुटका, गोल. दोघं बरोबर निघाले की बायका म्हणायच्या, डाव आणि पातेलं चाललं बघा. पोदोसेनोव नावाच्या व्यापाऱ्यानं पूर्वेच्या समुद्रावर जहाज पाठवायचं ठरवलं तेव्हा हे दोघंही त्याच्याकडे लागले. त्या समुद्रातल्या बेटांवर पाणमांजरं मिळतात, आणि त्यांच्या कातड्यांवर माणसं श्रीमंत होतात, हे तोत्म्यात पोरासोरांनाही ठाऊक होतं. मी तेव्हा आईच्या पोटात होते.

नवरे गेल्यावर सरपण वाचवायला दोघी एकाच घरात राहायला लागल्या. आईचं नाव ग्लिकेर्या, पण सगळे तिला ग्लाशा म्हणत. ती बोलकी, हसरी, चटकन रागावणारी. अकुलिनाकाकू हाडापेरानं मोठी, बोलायला कमी. तिला मूल नव्हतं. मला भूक लागली की आई हाक मारायची, "अकुलिना, तुझी पोर रडतेय बघ," आणि काकू खरोखर धावायची. दोघी एकाच ताटलीतून जेवायच्या. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक पोरीला दोन आया असतातच.

मला सहावं लागलं त्या हिवाळ्यात पोदोसेनोव स्वतः आमच्या दारात आला. किप्रियान येगोरविच पोदोसेनोव, ज्याच्या घोड्यांना लोक रस्ता देत, तो पायी आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. जहाजावर तोही होता. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूच्या शेवटी जहाज भरून तयार होतं. दोन माणसं बेटाच्या पलीकडच्या अंगाला, तिथं साठवलेली कातडी आणायला गेली होती. तेवढ्यात वादळ आलं, नांगर तुटला. सगळे गुडघ्यांवर बसले आणि संत निकोलाला नवस बोलले की वाचवलंस तर तुला दगडविटांचं घर, चर्च, बांधू. जहाज वाचलं. पण वाऱ्यानं ते इतकं लांब नेऊन टाकलं की बर्फ धरायच्या आत परत फिरता आलं नाही. मागे राहिलेले दोघं म्हणजे सावा आणि कोंद्रात.

आई म्हणाली, "म्हणजे जिवंत आहेत ना?"

"आम्ही निघालो तेव्हा होते. झोपडी आहे, बंदुकीची दारू आहे, मासळी भरपूर. माझं दुसरं जहाज त्यांना घेऊन येईल, ग्लिकेर्या. ते बेटावर जायला आणि खबर इथवर यायला वर्षं लागतील, पण आणेन."

असं म्हणून तो आमच्या मातीच्या जमिनीवर दोघींपुढे वाकला, कपाळ टेकवलं. त्याला वाईट म्हणणारे पुढे पुष्कळ निघाले. अकुलिनाकाकूनं कधी म्हटलं नाही. ती एवढंच म्हणायची, "ज्या वाऱ्यानं आपले मागे राहिले, त्याच वाऱ्यातून ते वाचले. आणि त्यासाठी हे चर्च."

चर्च बांधायला त्यानं आमचंच गाव निवडलं. बर्फ वितळल्याबरोबर नदीकाठी भट्टी लागली, आणि विटा पाडायला सगळ्यांत आधी उभ्या राहिल्या त्या आई आणि काकू. त्यांचा हिशेब साधा होता. निकोलाला त्याचं घर मिळालं की तो यांच्या घरातली माणसं परत करील.

विटेचं काम आमच्याकडे उन्हाळ्यापुरतंच. जमीन मऊ झाल्यापासून पहिलं दंव पडेपर्यंत. दोघी घागरे खोचून पायांनी माती तुडवायच्या, मग एका पाटाच्या दोन बाजूंना उभ्या राहून लाकडी साच्यांत थापायच्या. मी कच्च्या विटा छपराखाली वाळत लावायची. गवंडी मिरोन तोत्म्याचा होता. तिथल्या उंच, निमुळत्या, शिडं उभारून निघाल्यासारख्या चर्चांपैकी दोन त्याच्या हातची. तो विटा उचलून कानाजवळ वाजवून बघायचा, आणि आमच्या पाटावरच्या विटा नक्षीसाठी बाजूला काढायचा. तोत्म्याकडची नक्षी भिंतीवर नंतर चिकटवत नाहीत. भिंत चढता चढताच गवंडी काही विटा बोटभर पुढे काढतो, काही तासून गोल करतो, आणि खिडक्यांच्या मधल्या कोऱ्या भिंतीवर वळणावळणांची एक मोठी चौकट उमटत जाते. वर शिंपल्यासारखा झुबका, खाली गुंडाळलेल्या कागदासारखी टोकं. तिच्या आत मात्र काही नसतं. आतली भिंत साधीच.

आईनं मिरोनला एकदा विचारलं होतं, आत चित्र कधी काढणार म्हणून.

"आत काही नसतंच. आमच्याकडे अशीच असते," तो म्हणाला.

"बघ अकुलिना, इतका मोठा व्यापारी, चौकट घेतली आणि चित्राला पैसे उरले नाहीत." परांचीवरची माणसंसुद्धा हसली. आई त्या काळात असं बोलायची. ते दोघं परत येणार यात तिला तेव्हा काडीची शंका नव्हती.

चर्च दुमजली होतं. खालचं, हिवाळ्यात तापवता येणारं, आधी पुरं झालं. वरच्याच्या भिंती अर्ध्यावर आल्या होत्या तेव्हा येफिम घरी आला. येफिम आमच्याच गावचा, दुसऱ्या जहाजावर गेलेला. समुद्रावरच्या रोगानं त्याचे दात गेले होते आणि तिशीतच तो म्हातारा दिसत होता. मी दहा वर्षांची होते. तो सरळ भट्टीवर आला आणि पाटाशी उभा राहिला. दोघींचे हात कोपरापर्यंत मातीत होते.

त्यांचं जहाज त्या बेटाला लागलं होतं. झोपडी सापडली, छप्पर पडलेलं. चूल थंड, तिच्यात गवत उगवलेलं. झोपडीमागे एक कबर होती. वर वाहून आलेल्या लाकडाचा क्रूस. दुसऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. सगळं बेट फिरून पाहिलं, हाका मारल्या, तोफ उडवली.

आईनं विचारलं, "एकच कबर?"

"एकच."

"क्रूसावर नाव?"

"कोण लिहिणार, वहिनी? दोघांपैकी कुणाला लिहिता येत होतं?"

मग त्या दोघी त्याला आलटून पालटून विचारत राहिल्या, आणि मी तिथं हातात ओली वीट घेऊन उभी होते. काकूनं विचारलं, कबर आखूड होती का? आई लगेच म्हणाली, लांब होती ना रे, नीट आठव. येफिम म्हणाला, वर दगड रचले होते, पसरून, लांबी कळत नव्हती. आईनं विचारलं, उघडून का नाही पाहिलं? तो म्हणाला, मेलेल्याला उकरायचं होतं का आम्ही? प्रार्थना म्हटली आणि निघालो. झोपडीतली खुंटी कुठल्या उंचीवर होती, असं काकूनं विचारलं तेव्हा येफिम रडायला लागला.

त्या दिवशी संध्याकाळी दोघी कामावरून एका वाटेनं घरी आल्या नाहीत.

मोठी झाल्यावर मला ते समजलं. एकानं दुसऱ्याला पुरलं होतं. म्हणजे एक तरी त्या दिवशी जिवंत होता आणि कुठंतरी गेला होता, कातड्याच्या होडीत बसून असेल, नाहीतर शेजारच्या बेटावरच्या लोकांत. माझा नवरा जगला असं म्हणायचं तर मैत्रिणीचा मेला असं म्हणायला लागत होतं. ते तोंडानं म्हणायची गरजच नव्हती. आई दाराकडे नुसतं बघायला लागली तरी काकूला कळायचं की आई मनात सावाला पुरतेय. आणि काकू गप्प बसली की आईला वाटायचं, ही माझ्या कोंद्रातला पुरतेय. आठवड्याभरात काकूनं आपलं अंथरूण उचललं आणि सावाच्या जुन्या झोपडीत गेली. पाटावर दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहायच्या, पण आता नुसत्या विटा पडायच्या.

चर्चमध्ये जिवंतांसाठी मेणबत्ती निकोलाच्या चित्रापुढे लावतात, आणि मेलेल्यांसाठी क्रूसाजवळच्या बुटक्या मेजावर. दोघीही निकोलापुढे लावायच्या. एका रविवारी काकूनं लावली आणि मागे सरली. आई पुढे झाली, आणि सगळ्या गावादेखत तिनं काकूची मेणबत्ती दोन बोटांनी चिमटून विझवली. वात चरचरली तो आवाज मी ऐकला. पाद्रीबाबा मंत्र म्हणता म्हणता थांबले. काकूनं आईकडे पाहिलं, विझलेली मेणबत्ती काढून घेतली आणि बाहेर गेली.

त्यानंतर आईनं अंथरूण धरलं. आजार असा काही नव्हता. आमच्याकडे घर तापवायच्या भट्टीच्या माथ्यावर झोपायची ऊबदार जागा असते, तिथं ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी ओटची पेज केली तर दोन घोट घ्यायची. म्हणायची, "मी तिचा नवरा मारला, वासेना, ह्या दोन बोटांनी." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "नाही, माझाच गेलाय, म्हणून मला राग आला." तिच्या पाठीची हाडं मोजता यायला लागली. मी घाबरून काकूकडे गेले. तिनं ऐकून घेतलं, शाल घेतली आणि निघाली. पण आमच्या घराकडे नाही, येफिमच्या घराकडे.

दोन दिवसांनी ती आमच्याकडे आली. भट्टीच्या कडेला चढून बसली.

"ग्लाशा, ती कबर सावाची आहे."

आईनं मान वळवली नाही.

"येफिमला आठवलं. क्रूसाची आडवी काठी चामड्याच्या वादीनं बांधली होती. दोन वेढे आणि टोक आत दडवलेलं. सोडवता येईना अशी गाठ. तशी गाठ कोण मारायचं, तुला माहीत आहे."

मिठागरात माझ्या बापानं बांधलेलं पोतं सोडवायला सुरी लागते, असं सगळे म्हणत. आई उठून बसली. काकूच्या तोंडाकडे ती खूप वेळ बघत राहिली. मग तिनं आपलं डोकं काकूच्या मांडीवर टाकलं आणि ओरडून रडली. काकू तिच्या केसांवरून हात फिरवत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

येफिमनं पाद्रीबाबांनाही तेच सांगितलं, आणि सावाचं नाव मेलेल्यांत गेलं. काकूनं गावाला जेवण घातलं. गव्हाच्या दाण्यांत मध घालून केलेला प्रसाद तिनं स्वतः वाढला. डोक्याला काळा रुमाल बांधला, तो शेवटपर्यंत. त्या दिवसापासून तिची मेणबत्ती बुटक्या मेजावर लागायची, आणि आईची निकोलापुढे, आणि दोघी बरोबर घरी यायच्या.

पुढची दोन वर्षं आमच्या घरात आनंद होता, हे मला सांगितलंच पाहिजे. आई कामाला लागली, अंगानं भरली, परत चेष्टा करायला लागली. उत्तरेकडच्या भिंतीवरच्या सगळ्यांत मोठ्या चौकटीच्या विटा तिनं आणि काकूनं मिळून घासून गोल केल्या. वरचं चर्च झालं, कळसावर क्रूस चढला, पोदोसेनोव तोत्म्याहून नावा भरून पाहुणे घेऊन आला. आईनं लग्नातला लाल झगा घातला होता. "कोंद्रात आला की हाच घालीन," ती म्हणाली, "बसतोय का ते बघून ठेवलं." काकू तिच्याजवळ काळ्या रुमालात उभी होती आणि तिच्या झग्याची बाही नीट करत होती.

मिरोन गवंड्यानं त्याच वर्षीच्या पावसाळी शरदात काकूला मागणी घातली. भला माणूस होता, बायको वारलेली. काकूनं नाही म्हटलं. त्यानं विचारलं, "का? सावा गेला ना?" मी तिथं अळंबी निवडत होते. काकू म्हणाली, "लोकांसाठी गेला." मिरोनला ते समजलं की नाही कोण जाणे. तो तोत्म्याला परत गेला. मला तेव्हा समजलं नाही.

नदीवरचं बर्फ फुटलं, नदी परत गोठली. पूर्वेकडून घसरगाड्या येत, आई प्रत्येकीपाशी जाऊन विचारायची. माझा बाप आला नाही. मग हळूहळू ती बोलायला लागली की तो जिवंत आहे हे तर ठरलंच, म्हणजे त्याला येता येत नाहीये. पाय मोडला असेल. कुणी धरून ठेवलं असेल. ज्याला येता येत नाही त्याच्याकडे आपण जायला नको का? सुरुवातीला आम्ही ते मनावर घेतलं नाही. मग एके दिवशी मी पाहिलं की ती वाटेत खायला पावाचे तुकडे करून वाळवतेय.

मीठ घेऊन उस्त्युगला आणि तिथून पुढे सैबेरियात जाणाऱ्या गाड्यांबरोबर ती निघाली. मी तेव्हा नदीवरून एकटी पाणी आणण्याइतकी मोठी झाले होते, म्हणून तिला माझी काळजी नव्हती. मला म्हणाली, "बापाला घेऊन येते. अकुलिनाचं ऐक." मी रडले नाही. मला ती आणेल असंच वाटत होतं.

सकाळची वेळ होती, गाड्या चर्चखाली गोठलेल्या नदीवर उभ्या होत्या. काकू आदल्या दिवसापासून तिला थांब म्हणत होती, वाट सांगत होती, लांडगे सांगत होती, माझं नाव घेत होती. आई ऐकत नव्हती. गाडीवानानं घोड्यांच्या पाठीवरचं बर्फ झटकलं तेव्हा काकूनं आईचे दोन्ही हात धरले.

"ग्लाशा, थांब. त्या गाठीचं तुला..."

आईनं एक हात सोडवला आणि लोकरी हातमोज्यासकट तिच्या तोंडावर ठेवला. जोरात नाही.

"गाठीबद्दल बोलू नकोस, अकुलिना. मी कधी विचारलं का तुला? मग तूही सांगू नकोस."

तिनं तिचे गाल चुंबले, माझे चुंबले, आणि गाडीवर पोत्यांमध्ये बसली. काकू तशीच उभी राहिली. गाड्या वळणाआड गेल्या तरी उभीच होती. शेवटी मीच तिला हाताला धरून घरी आणलं.

आईची खबर एकाच माणसाकडून आली. कातड्यांचा एक व्यापारी म्हणाला की इर्कुत्स्कला एका खाणावळीत एक बाई कपडे धुते, आपल्याकडच्या बोलीत बोलते, आणि समुद्राकडून आलेल्या प्रत्येकाला एका बुटक्या माणसाबद्दल विचारते. पुढच्या खेपेला त्यानं तिथं चौकशी केली तेव्हा ती पुढे गेली होती, समुद्राकडे, ओखोत्स्कच्या वाटेनं. त्यानंतर काही नाही.

गाठीचं मला माझ्या लग्नात समजलं. येफिम पावाचं आंबट पेय, क्वास, सोडून भलतंच कडक प्यायला होता, माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "पोरी, मला क्षमा कर. वादी होती हे खरं. गाठ मी बघितलीच नव्हती. अकुलिनानं माझे पाय धरले." मी नवरीच्या वेषात उठले आणि काकूला अंगणात गाठलं. ती पाहुण्यांसाठी मासळी भरलेल्या पोळ्या काढत होती.

मी म्हणाले, "तू खोटं बोललीस. तिला आशा दिलीस म्हणून ती गेली."

"हो," ती म्हणाली.

"मग का बोललीस?"

"ती मरत होती, वासेना. माझ्याजवळ तिला द्यायला दुसरं काय होतं?" मग पोळी परातीत ठेवून म्हणाली, "मलाही माहीत नव्हतं कबरीत कोण आहे ते. अजून नाही. सावा असेलही."

मी तिच्याशी तो सगळा उन्हाळा बोलले नाही. पहिलं मूल व्हायच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मात्र मी तिच्याच नावानं ओरडले, आणि ती आली. आम्ही दोघींनी परत तो विषय काढला नाही.

पुढे ती बरीच वर्षं जगली. पोदोसेनोव वारला, त्याच्या पोरांनी जहाजं विकली. आमच्याकडची थंडी विटांत शिरते आणि वसंतात त्या फुटतात. उत्तरेच्या भिंतीवरच्या चौकटीच्या वळणदार कडेतून दर वर्षी दोनचार विटा निखळायच्या. काकू नव्या पाडायची, भाजायची, दगडावर घासून गोल करायची आणि कुणा गवंड्याच्या हाती द्यायची. गुडघे गेले तसं ते माझ्या पोरांनी करायला घेतलं. ती खाली बाकावर बसून सांगायची, जरा अजून घास, ग्लाशानं केलेली त्याहून गोल होती.

शेवटच्या वसंतात नदीतलं बर्फ वाहत असताना ती अंथरुणाला खिळली. पाद्रीबाबा येऊन गेले होते. मी तिला उशी नीट करून दिली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वासेना, एक सांग. ती भट्टीवर मेली असती तर निदान इथं असती. तुला जायला एक जागा असती. मी बरोबर केलं का गं?"

मी म्हणाले, बरोबर केलंस.

ती म्हणाली, "तू असं म्हणणारच."

तिला आम्ही चर्चच्या उत्तरेकडे पुरलं. क्रूसावर माझ्या मोठ्या मुलानं तिचं नाव कोरलं आहे, अकुलिना, आणि त्याच्याखाली मी त्याला सावाची बायको असं कोरायला लावलं. पाद्रीबाबा म्हणाले, विधवा लिहा. मी नाही लिहू दिलं.